भुजंग मास्तरांचा घशातला क

बोरखेडीच्या भुजंग मास्तरांचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं, की भोकरदनच्या तहसिलीतले कारकून त्यांचा कागद हातात आला की आधी नुसता बघत बसायचे आणि मग वाचायचे. एकाने तर शाळेच्या हजेरीचा तक्ता भिंतीला लावून ठेवला होता. येणारे-जाणारे त्याला काहीतरी पवित्र वचन समजून मान लववायचे. प्रत्यक्षात त्यावर कडूबा सतरा दिवस गैरहजर असल्याचं लिहिलेलं होतं.

अडचण होती ती जिभेची. लिहिताना मास्तर लखनौचे वाटायचे आणि तोंड उघडलं की राजूरच्या बाजारातले. त्यात त्यांचा दोष नव्हता. रखमाजी मिसाळांचा हा तिसरा मुलगा. थोरले दोघे शेतीत वाघ होते. भुजंगाच्या हाती औत दिलं की नांगरटीचं तास वाकडं जायचं, कारण डोळे बैलांवर नसून कुठल्यातरी फाटक्या कागदावर असायचे. शेवटी रखमाजींनी त्याला जालन्याला मावशीकडे ठेवलं. तिथे तो मिडल पास झाला आणि परत येऊन गावच्या सरकारी शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर म्हणून लागला. राज्य निजामाचं होतं. पहिली-दुसरी मराठीत, तिसरीपासून उर्दू. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची, सुट्टी जुम्म्याला असायची. बेचाळीस मुलं होती, त्यांत पाच मुली. त्या पाचांतली एक माझी आई, पुष्पा. ही सगळी हकीकत मी तिच्याच तोंडून ऐकली आहे.

आता उर्दूत क दोन. एक आपला साधा. दुसरा घशाच्या पार मुळातून काढायचा असतो. ओळखू यावा म्हणून इथे मी त्याच्या पायाशी ठिपका देते: क़. मराठी माणसाला दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि त्याच्या तोंडून सारखेच निघतात. मास्तरांचंही तसंच होतं, आणि पंधरा वर्षांत त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

ते अडलं फसली तेराशे सेहेचाळीसच्या हिवाळ्यात, म्हणजे छत्तीस साल सरता सरता. शाळांचे मोहतमीम, म्हणजे तपासणी अधिकारी, गयासोद्दीन साहेब बोरखेडीला आले. अंगाने काटकुळे, स्वभावाने मऊ, आणि नव्या यंत्रांचं भारी वेड. टांग्यातून उतरल्या उतरल्या मास्तरांनी हार घातला आणि आठ दिवस घोकलेलं वाक्य म्हटलं, "आपके आने से हम सबका कल्ब बहुत खुश हुआ."

मास्तरांना म्हणायचं होतं की आमचं हृदय आनंदलं. पण हृदय म्हणजे घशातला क घेतलेला क़ल्ब. साध्या क चा कल्ब म्हणजे कुत्रा. आणि नेमकं त्याच क्षणी देवळाच्या पायरीवर झोपलेलं पाटलांचं कुत्रं उठलं, त्याने आळस दिला आणि साहेबांकडे बघून शेपूट हलवायला लागलं.

गयासोद्दीन साहेबांनी कुत्र्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं की कुत्रा खुश आहे हे तर दिसतंच आहे, पण बाकीच्या मंडळींचं काय? मास्तरांना काही उमगेना. साहेबांनी मग बाजूला नेऊन समजावलं, तेव्हा मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हजार वेळा तो शब्द त्यांनी बिनचूक लिहिला होता. म्हणताना मात्र प्रत्येक वेळी कुत्राच निघत होता.

साहेब रागावले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. गेली दोन वर्षं ते एका योजनेच्या मागे होते. फोनोवर गाणी वाजतात, मग धडे का वाजू नयेत? हैदराबादेतल्या एका मित्राच्या मदतीने त्यांनी एका लखनवी उस्तादांच्या आवाजात उर्दूचे धडे तबकड्यांवर भरून घेतले होते. चावीचे फोनो खेड्यांतल्या शाळांत पाठवायचे, आधी मास्तरांचे उच्चार सुधारायचे, मग मुलांचे. वरच्या लोकांना ते पटवून देण्यासाठी त्यांना एक चांगलं उदाहरण हवं होतं. खुश झालेल्या कुत्र्याहून चांगलं उदाहरण मिळणार कुठून?

उन्हाळ्यात औरंगाबादेला मास्तर लोकांचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग झालं. मास्तर चाळीस आणि फोनो एक. तो टेबलावर हिरव्या मखमलीखाली झाकलेला असायचा. शिकवणारे उस्ताद रोज मखमल काढत, यंत्राच्या भागांची नावं सांगत आणि परत झाकत. हात लावायची पाळी अकराव्या दिवशी सुरू झाली, हजेरीपटाच्या क्रमाने. दिवसाला आठ मास्तरांची पाळी व्हायची. भुजंग मास्तरांचा नंबर अडतिसावा. शेवटच्या दिवशी ते टेबलापाशी पोचले, चावीला बोटं लागली, आणि जेवणाची घंटा झाली. दुपारी निरोपसमारंभ होता.

पण या पंधरा दिवसांत त्यांनी जे ऐकलं ते सगळं वहीत उतरवलं होतं, यंत्राच्या आकृतीसकट, त्या अक्षरात. बाकीच्या एकोणचाळीस मास्तरांनी परीक्षेआधी तीच वही नकलून घेतली. गयासोद्दीन साहेबांनी वही पाहिली आणि ठरवलं की यंत्र सगळ्यात जास्त समजलेला माणूस हाच. भोकरदन तालुक्यासाठी आलेला एकुलता एक फोनो भुजंग मास्तरांच्या स्वाधीन झाला.

औरंगाबादहून जालन्यापर्यंत मास्तरांनी ती पेटी आगगाडीत मांडीवर घेतली, आणि जालना स्टेशनापासून गावापर्यंत बैलगाडीत गोधडीत गुंडाळून. वाटेत राजूरला गाडीवानाने गणपतीला जाऊन यायचं म्हटलं, तर मास्तरांनी गाडीतूनच हात जोडले. पेटी सोडून खाली उतरायला ते तयार नव्हते.

गावात बातमी आधीच पोचली होती. फोनो म्हणजे गाणं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. जालन्याला कापसाची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी तो अडत्यांच्या पेढ्यांवर ऐकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर झाडून गाव जमलं. गावातल्या तुळजाबाईने पेटीला हळदकुंकू वाहिलं, कर्ण्याला हार घातला. कुंकवाचं बोट नेमकं तबकडीवर पडू नये म्हणून मास्तर मधे हात घालत होते. पाटील काकासाहेब खास पागोटं बांधून खुर्चीवर बसले होते. मास्तरांनी त्यांना चावी देण्याचा मान दिला. वहीत लिहिल्याप्रमाणे चाळीस फेरे, असंही सांगितलं. पाटलांना कुणी आकडा सांगितलेला आवडत नसे. त्यांनी चाळीस झाले, पन्नास झाले, तरी फिरवणं सोडलं नाही. शेवटी चावी हलेना तेव्हा त्यांनी मिशीला पीळ दिला.

तबकडी फिरली. गाव श्वास रोखून बसलं. कर्ण्यातून एक भारदस्त आवाज आला आणि म्हणाला, "अलिफ. बे. पे."

थोडा वेळ लोकांना वाटलं, गाण्याआधी गायक गळा मोकळा करून राह्यला. मग "ते, टे, से" आलं. तुळजाबाईने शेजारणीला विचारलं की हा नुसता बोलतोच का काय. काकासाहेबांनी कर्ण्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने विचारलं की बाबा, तू कोणच्या गावचा? आतला माणूस "जीम, चे" म्हणत पुढे गेला. पाटलांनी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. गावाचं मत तिथेच ठरलं: माणूस शिकलेला दिसतो, पण कानाने साफ बहिरा आहे.

शाळेत मात्र काम झोकात सुरू झालं. मास्तर सकाळी चावी देत, मुलं ओळीने बसत, तबकडी बोले आणि मुलं मागोमाग म्हणत. पेटीसोबत सुयांची एक डबी आली होती. दर तबकडीला नवी सुई, असा नियम वहीत होता. मास्तरांना एवढी उधळपट्टी बघवेना. त्यांनी एक सुई महिनाभर पुरवली. ती बोथट झाली आणि तबकडीवर एक चरा पडला. मग डबी देवळातल्या उंदरांनी कुठे नेली देव जाणे. मास्तरांनी डोकं चालवून बाभळीचा लांब, वाळलेला काटा सुईच्या जागी बसवला. तो बसला, आणि चाललाही. आवाज जरा मऊ यायचा इतकंच. पुष्पाकडे काटे आणायचं काम होतं. आमची आई म्हातारपणी सुद्धा सांगायची की उर्दू शिकताना सगळ्यात जास्त तिच्या तळपायांना लागलं.

चऱ्याचा परिणाम असा झाला की तिसऱ्या धड्यात "यह मेरा क़लम है" या वाक्यापाशी काटा अडायचा. आवाज म्हणायचा, "यह मेरा क़लम, क़लम, क़लम", मग खर्रर्र, आणि मग "है". मुलांनी ते तसंच पाठ केलं. त्यांना सांगितलंच होतं की आवाज म्हणेल तसंच म्हणायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी पेटीच्या पोटात मोठा आवाज झाला आणि चावी गरागरा मोकळी फिरायला लागली. आतली कमान, म्हणजे पोलादी पट्टीची गुंडाळी, तुटली होती. काकासाहेबांनी पहिल्या दिवशी दिलेला पीळ तिने इतके दिवस कसाबसा सोसला होता. मास्तरांनी वही उघडली. वहीत कमानीची आकृती सुंदर होती. ती तुटली तर काय करायचं हे उस्तादांनी सांगितलं नव्हतं. मास्तर डोक्याला हात लावून ओसरीवर बसले. गावात मात्र कोणी गोंधळलं नाही. कमान तुटली म्हटल्यावर ती कुणाकडे न्यायची हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. कमान म्हणजे पिंजाऱ्याचं धनुष्य, ज्याने तो कापूस पिंजतो. लोकांनी पेटी उचलली आणि अजमत पिंजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवली.

अजमत म्हणाला की ही कमान त्याच्या कमानीतली नाही. पण त्याला हातची वस्तू परत पाठवता येत नसे. त्याने पेटी खोलली, तुटलेला तुकडा काढून टाकला, उरलेल्या पट्टीला लोहाराच्या भट्टीवर ऊब देऊन नवं भोक पाडलं आणि ती परत अडकवली. यंत्र चालू झालं. फक्त पट्टी आता वीतभर आखूड झाली होती. त्यामुळे धडा सुरू व्हायचा तो झपाट्यात, आणि तबकडी अर्ध्याच्या पुढे गेली की दम सुटायचा. लखनवी उस्तादांचा आवाज जाडा होत होत शेवटी रेड्यासारखा यायचा आणि एकेक शब्दाला घागर भरेल इतका वेळ लागायचा. मुलांनी हेही मनावर घेतलं. धडा तरण्या माणसासारखा सुरू करायचा आणि मरायला टेकलेल्यासारखा संपवायचा, अशी बोरखेडीची पद्धत पडली.

पेटी दुरुस्त होत होती त्या दिवशी अजमतची बायको मेहरुन्निसा दारात गादी शिवत बसली होती. ती जुन्या जालन्याची. तिचे वडील मशिदीत बांग द्यायचे आणि मुलांना कुराण शिकवायचे. मुलांमागे बसून ऐकता ऐकता लहानपणी तिला ते अख्खं तोंडपाठ झालं होतं, प्रत्येक अक्षर जिथून यायला हवं तिथून. लिहायला मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. स्वतःचं नावही तिला लिहिता येत नसे. घरात तिच्या उच्चारांचा काही उपयोग नव्हता, कारण अजमत त्या क चा सरळ ख करायचा. इकडचे बरेचसे उर्दू बोलणारे तसंच करतात, कलमाला खलम म्हणतात. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तिने त्याला सुधारणं सोडून दिलं होतं.

तबकडी ऐकून ती म्हणाली की पेटीतल्या माणसाचा क़ाफ, म्हणजे घशातला क, चांगला आहे. आठ दिवसांनी देवळावरून जाताना तिने मुलांचा धडा ऐकला आणि ती वाटेतच थांबली. मग तिने अजमतकरवी मास्तरांना निरोप धाडला की पोरं आजारी आहेत का.

मास्तर तिच्या अंगणात गेले. त्यांनी खरं काय ते सांगितलं. मुलांचं सोडा, पण तबकडी शंभर वेळा ऐकूनही त्यांचा स्वतःचा क़ल्ब अजून कुत्राच होता. मेहरुन्निसाने त्यांना म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं. तिने शिवण खाली ठेवली.

"मास्तर, ही पेटी बोलती बराबर," ती म्हणाली, "पन ऐकत न्हाई. तुमचा आवाज कुठं अडकून राह्यला, हे तिला कसं कळावं? शिकवनाऱ्याला कान पाहिजेत."

मास्तरांनी हे वाक्य घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं, उस्तादांच्या आकृतीच्या खाली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मास्तर अजमतच्या अंगणात बसायला लागले. अजमत एका कडेला कापूस पिंजायचा, मेहरुन्निसा उंबऱ्यात गादी शिवायची आणि मास्तर समोर पाट टाकून क म्हणायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची: जिभेच्या मागं न्या, आनखी मागं, आता टाळूला लागून राह्यली, खाली घ्या. तिने त्यांना चूळ भरून पाणी घशात धरायला लावलं. पाणी गिळायच्या आधी जिथे अडतं, क तिथून निघतो. पहिल्या आठवड्यात मास्तरांच्या नाकातून पाणी यायचं. अजमतला हसू आवरत नसे. त्याने त्यावर उपाय म्हणून पिंजायचा आवाज वाढवला.

खरी परीक्षा होती ती मास्तरांच्या बायकोची, गोजरबाईंची. नवरा विहिरीवर, गोठ्यात, जेवताना मधेच घशातून काहीतरी काढून राह्यला, हे तिने चार दिवस पाहिलं. तिला वाटलं, काटा अडकला. बाभळीचे काटे घरात येतातच. तिने कोरड्या भाकरीचा घास गिळायला दिला. मग हळद घातलेलं दूध दिलं. मग सासऱ्यांना बोलावून आणलं. रखमाजींनी लेकाच्या पाठीत एवढ्या जोराने बुक्की घातली, की मास्तरांच्या तोंडून आयुष्यातला पहिला चोख क़ बाहेर पडला. मास्तर आनंदाने उठून उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "आनखी एक मारा."

रखमाजी त्या दिवसापासून मुलाच्या नोकरीबद्दल काळजीत असायचे.

सापडलेला आवाज मास्तरांनी जपला. संक्रांतीपर्यंत तो बुक्कीवाचून येऊ लागला. आणि त्यांना एक गोष्ट उमगली, जी पंधरा वर्षांत उमगली नव्हती: मुलगा चुकतो तेव्हा बरोबर काय ते पुन्हा सांगून उपयोग नाही, तो कुठे चुकला ते ऐकावं लागतं. वर्गात ते एकेका मुलाजवळ उकिडवे बसून त्याच्या तोंडाला कान लावू लागले. पण तोवर तबकडीचे धडे मुलांच्या अंगात इतके मुरले होते, की सुटे शब्द नीट येत आणि धडा म्हटला की पुन्हा तरणा माणूस, खर्रर्र आणि रेडा.

अशात हुकूम आला की गयासोद्दीन साहेब तपासणीला येत आहेत आणि सोबत हैदराबादेहून वरचे साहेबही आहेत. योजना पुढे न्यायची का बंद करायची, हे त्या भेटीवर ठरणार होतं.

वरचे साहेब जाड भिंगाच्या चष्म्यातून बघणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. हार घालून झाल्यावर त्यांनी मुलांना तिसरा धडा म्हणायला सांगितला. पहिली-दुसरीच्या पोरांसकट बेचाळीस मुलं उभी राहिली. सुरुवात इतकी चलाख झाली, की गयासोद्दीन साहेबांनी अभिमानाने वरच्या साहेबांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "यह मेरा क़लम, क़लम, क़लम," सगळ्यांनी मिळून "खर्रर्र" केलं, आणि "है" म्हटलं. मग आवाज उतरू लागले. शेवटचं वाक्य, "सुबह हुई, चिड़ियाँ बोलीं", एवढं हळू आणि एवढ्या खोल आवाजात आलं, की मारुतीच्या घंटेवर बसलेली चिमणी उडून गेली. आमची आई म्हणायची की आम्हाला वाटलं, आजच्यासारखं चांगलं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं.

वरच्या साहेबांनी चष्मा पुसला. मुलांना काही झालं आहे का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मास्तर उठले. त्यांनी फोनोला चावी दिली आणि तबकडी लावली. फोनोनेही अगदी तसंच म्हटलं, खर्रर्रसकट. गयासोद्दीन साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा एक हुंदक्यासारखा आवाज आला. मग ते खांबाला धरून खाली बसले आणि रुमाल तोंडात कोंबून इतके हसले, की पाणी द्यावं लागलं. आपली योजना आपल्या डोळ्यांदेखत बुडते आहे हे त्यांना कळत होतं, पण हसू त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

वरचे साहेब हसले नाहीत. ते मास्तरांकडे वळले आणि म्हणाले की मागच्या अहवालात कुणा मास्तरांच्या कुत्र्याचा उल्लेख होता, ते तुम्हीच का? मग तेच वाक्य आज म्हणा.

मास्तरांनी एकदा आवंढा गिळला आणि म्हटलं, "आपके आने से हम सबका क़ल्ब बहुत खुश हुआ." क असा निघाला, की गयासोद्दीन साहेबांचं हसू थांबलं.

वरच्या साहेबांनी मान डोलावली. म्हणजे यंत्राने मास्तर तरी सुधारले, असं ते म्हणाले.

इथे मास्तरांनी नुसतं "जी हुजूर" म्हटलं असतं तर सगळं जागेवर बसत होतं. गयासोद्दीन साहेबांची योजना वाचत होती, मास्तरांची स्वतःची शाबासकी ठरलेली होती. गयासोद्दीन साहेब त्यांच्याकडे बघत होते. ते मास्तरांना कधी वाकडा शब्द बोलले नव्हते, आणि मास्तरांना तो माणूस मनापासून आवडायचा. आई सांगायची की मास्तर इतका वेळ गप्प राहिले, की आम्हाला वाटलं त्यांचीही कमान तुटली.

मग मास्तर म्हणाले की यंत्राने नाही सुधारलं, हुजूर. यंत्र बिघडलं, म्हणून ते पिंजाऱ्याच्या घरी गेलं, म्हणून मीही गेलो. मला शिकवलं ते मेहरुन्निसाबींनी.

वरच्या साहेबांना ते पाहायचं होतं. सगळी मिरवणूक अजमतच्या अंगणात गेली. मेहरुन्निसा दाराआड उभी राहिली आणि अजमत हातात पिंजणाचं धनुष्य घेऊन खांबासारखा उभा राहिला. साहेबांनी दाराकडे तोंड करून विचारलं, "बीबी, आपने मास्टर को खलम कहना कैसे सिखाया?"

साहेब हैदराबादेत वाढलेले होते. त्यांच्या तोंडूनही अजमतसारखाच ख आला.

दाराआडून ताबडतोब आवाज आला, "खलम नै. क़लम. और एक बार बोलो."

अजमतने डोळे मिटून घेतले. दाराआडून साहेब कोण आणि विद्यार्थी कोण हे दिसत नव्हतं, तिला फक्त ऐकू येत होतं. वरच्या साहेबांनी चष्मा काढला. मग, आयुष्यात बऱ्याच वर्षांनी कुणीतरी शिकवतं आहे अशा चेहऱ्याने, त्यांनी म्हटलं, "खलम."

"और पीछे से," आतून आवाज आला.

चौथ्या खेपेला त्यांना जमलं. जमल्यावर त्यांनी स्वतःहून आणखी दोनदा म्हणून पाहिलं.

योजनेचं म्हणाल तर ती बुडालीही नाही आणि तरलीही नाही. वरच्या साहेबांनी शेरा मारला की यंत्र ठेवावं, पण ज्याचे कान तयार नाहीत अशा मास्तराच्या हाती देऊ नये. पुढच्या उन्हाळ्यात औरंगाबादच्या ट्रेनिंगला भुजंग मास्तरांना शिकवायला बोलावलं. टेबलावरची हिरवी मखमल त्यांनी पहिल्याच दिवशी घडी करून खिडकीत ठेवली आणि शिकायला आलेल्यांना यंत्र खोलायला लावलं. बाभळीचा काटा कसा निवडायचा यावर एक पूर्ण दुपार गेली. आणि दर वाक्याला तबकडी थांबवून समोरच्याचं ऐकायचं, ही सवय लावायला उरलेले सगळे दिवस गेले. मास्तर लोकांना बोलायची सवय फार असते. गयासोद्दीन साहेब रोज मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि घरी जाताना काटे मागून न्यायचे.

मेहरुन्निसाला साहेबांनी काय हवं ते विचारायला लावलं होतं. तिची मुलगी हसीना घनसावंगीला दिली होती. लेकीला पत्र लिहायला कुणाचे तरी पाय धरावे लागतात, आणि पत्रात काय लिहिलं हे लिहिणाऱ्यालाही कळतं, म्हणून तिला लिहायला शिकायचं होतं. मास्तरांनी लाकडी पाटी नेली. आता अंगणात ते उंबऱ्याकडे तोंड करून बसायचे आणि ती बोरू धरायची. तिला अक्षरांची घाई होती, वळणाची नव्हती. मास्तरांना नेमकं उलटं. नून या एका अक्षरावर त्यांचं दोन दिवस भांडण चाललं. शेवटी तिने लेकीला पहिलं पत्र लिहिलं, त्यात जावयाबद्दल अशा तीन ओळी होत्या की तिने त्या मास्तरांनाही दाखवल्या नाहीत.

अशी दहा वर्षं गेली. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. त्या दिवसांत गावोगाव काय काय झालं ते इथे सांगत नाही. अजमत आणि मेहरुन्निसा पंधरा-वीस दिवस मास्तरांच्या घरी, गोजरबाईंच्या धान्याच्या खोलीत राहिले. दारात रखमाजी बाजेवर बसून असायचे, काठी मांडीवर घेऊन. नंतर ती दोघं आपल्या घरी गेली. दोन्ही घरांत याबद्दल पुढे कोणी बोललं नाही.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा हुकूम मराठीत यायला लागले, आणि त्यांत लिहिलेलं होतं की यापुढे सगळं शिक्षण मराठीतून. मास्तरांना पुन्हा ट्रेनिंगला बोलावलं, एक महिन्याचं. या वेळी शिकवायला पुण्याकडचे एक तरतरीत तरुण शिक्षक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मास्तरांना उभं करून नाव-गाव विचारलं, आणि थांबवून सांगितलं की "पानी" नव्हे, "पाणी". "न्हाई" नव्हे, "नाही". आणि "बोलून राह्यलो" असं शुद्ध मराठीत कोणी बोलत नाही. मास्तरांनी मान डोलावली आणि त्याच दिवशी जीभ टाळूला लावून ण घोटायला घेतला. शिकण्याची त्यांना लाज कधीच वाटली नव्हती. महिनाअखेर त्यांना प्रमाणपत्र मिळालं, शिक्क्यासह.

घरी आल्यावर ते त्यांनी गोजरबाईंना दाखवलं. महिनाभर काय शिकलात, असं तिने विचारलं.

"मराठी," मास्तर म्हणाले.

गोजरबाईंनी परातीतलं पीठ मळणं थांबवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग माझ्याशी इतके दिवस काय बोलत होता?"

मास्तरांनी प्रमाणपत्राची घडी केली, ते टोपीत ठेवलं आणि जेवायला पाट मांडला.